विमानाचा पासंग

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधीच सांगून टाकतो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण लातूरला कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले काही तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ. 'पृथ्वी' शब्द बरोबर लिहिता येतो एवढ्यावरच मी खूश असायचो. तरीही हा लेख मराठीत लिहितोय, कारण संपादक मंडळातल्या मित्राने मेसमध्ये माझी मानगूट पकडली. "मराठी विभागात सगळे प्रेमाच्या नाहीतर पावसाच्या कविता देतात, टेक्निकल कुणीच लिहीत नाही," असं त्याचं दुःख होतं. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल. ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

विषय आहे एलेरॉन ट्रिम. घरी बांधलेल्या विमानात ती कशी बसवतात आणि कशी जुळवतात, एवढाच.

'घरी बांधलेलं विमान' म्हटलं की आपल्याकडे हसतात. पण महाराष्ट्रात हे झालेलं आहे. कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. (आपण हॉस्टेलच्या गच्चीवर टॉवेल वाळत घालतो आणि तेही उडून जातात.) फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे व्हीटी-एनएमडी या नावाने त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याच्या चाचण्या झाल्या. गच्ची ते धावपट्टी या प्रवासात किती वर्षं आणि किती कागद गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत तर ही मोठी चळवळच आहे. १९५३ साली तिथे हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि ऑशकॉश गावात त्यांची दरवर्षी जत्रा भरते. आपल्या माळेगावच्या जत्रेला जसे घोडे घेऊन येतात, तसे ते लोक स्वतः बांधलेली विमानं घेऊन येतात. व्हॅन्स या कंपनीच्या किटपासून लोकांनी गॅरेजमध्ये बांधलेली ११,००० हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत.

पण गच्चीवर बांधा नाहीतर गॅरेजमध्ये, पहिल्या उड्डाणानंतर वहीत एक नोंद बहुतेकांना करावी लागते. 'विमान डावीकडे कलतं' किंवा 'उजवीकडे कलतं'. इंग्रजीत याला हेवी विंग म्हणतात. आपण जड पंख म्हणू.

आता थोडी थिअरी. सेकंड इयरवाल्यांनी पान उलटू नये, यात डेरिव्हेशन नाही.

पंखाच्या मागच्या कडेला, टोकाच्या बाजूला बिजागरीवर हलणारी एक फळी असते. तो एलेरॉन. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ 'छोटा पंख'. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानात तो नव्हता, ते तारा ओढून अख्खा पंखच पिळायचे. एलेरॉन नंतर काही वर्षांत रुळला. दोन पंखांवरचे एलेरॉन एकमेकांच्या उलट हलतात. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जातो आणि डावा खाली येतो. ज्या पंखाचा एलेरॉन खाली, त्या पंखाला जास्त उचल मिळते. म्हणून डावा पंख वर उचलला जातो आणि विमान उजवीकडे कलतं. हे डोक्यात पक्कं बसवा. पुढची सगळी गडबड इथेच होते.

समजा विमानाचा डावा पंख जड आहे. सरळ उडायचं तर वैमानिकाला स्टिक सतत थोडी उजवीकडे दाबून धरावी लागेल. जोर फार नाही, एखादा किलो. तुम्ही म्हणाल, एक किलोने काय होतंय?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, हे आठवत असेल. मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि मी एक कॅन भरून घरी न्यायचो. एकच, कारण दोन उचलायची ताकद नव्हती. पहिली वीस पावलं काही वाटायचं नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आलो की अंग आपोआप दुसऱ्या बाजूला वाकायचं, आणि घरी पोचेपर्यंत हाताला मुंग्या यायच्या. पुढच्या वर्षी दोन छोटे कॅन नेऊ लागलो, तर एकूण वजन जास्त असूनही चालणं सोपं झालं. वैमानिकाचा तो एक किलो म्हणजे हा एका हातातला कॅन आहे. दोन तास सतत एका बाजूला जोर लावून ठेवायचा, त्यातच नकाशा बघायचा, रेडिओवर बोलायचं, ढग टाळायचे. दमलेला माणूस उतरताना चुका करतो. म्हणून ट्रिम. ट्रिमचं काम एकच, हा जोर वैमानिकाच्या हातातून काढून घेणं.

मग लगेच ट्रिम बसवून टाकू? इथेच थांबायचं. आधी पंख जड का आहे ते शोधायचं. कारणं मुख्यतः दोन जातीची आहेत आणि दोन्हींचं वागणं अगदी वेगळं आहे.

पहिली जात वजनाची. छोट्या विमानात पेट्रोल दोन्ही पंखांतल्या टाक्यांत असतं आणि बऱ्याच विमानांत एका वेळी एकाच टाकीतून घेतात. १६०-१८० हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला ३० लिटरच्या आसपास पितं. विमानाच्या पेट्रोलचं वजन लिटरला साधारण ०.७२ किलो, म्हणजे तासाभरात एक पंख दुसऱ्यापेक्षा २१-२२ किलोने हलका होतो. टाकी मध्यापासून दीड मीटरवर धरली तर ३२ किलो-मीटरचा मोमेंट. तसंच, शेजारी-शेजारी दोन सीट असलेल्या विमानात ७५ किलोचा वैमानिक एकटाच डाव्या सीटवर, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर बसला, तर साडेबावीस किलो-मीटर. म्हणूनच एकटा उडणारा शहाणा माणूस आधी डाव्या टाकीतलं पेट्रोल वापरतो. पैसा न लागता मिळालेली ट्रिम!

दुसरी जात आकाराची. दोन पंख सारख्या कोनात बसलेले नसतात, एखादा फ्लॅप नीट मिटलेला नसतो, एलेरॉनची मागची कड एकीकडे फुगीर आणि दुसरीकडे चपटी असते. पाव अंशाचा फरक म्हणजे किती? १.४ मीटर रुंदीच्या पंखात मागची कड ६ मिलिमीटर वर किंवा खाली. आपल्या वर्कशॉपमध्ये आपण केलेला जॉब आठवा आणि ६ मिलिमीटरवर हसायचं की रडायचं ते ठरवा. मी ढोबळ हिशोब करून पाहिला. २५० किलोमीटर वेग आणि ५ चौरस मीटरचा एक पंख धरला, तर पाव अंशाने उचलीत सुमारे ३० किलोचा फरक पडतो. तोच वेग उतरताना ११० वर आला की तो फरक ६ किलोपेक्षा कमी होतो, कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

आता गंमत बघा. आकाराची चूक वेगाबरोबर वाढते, वजनाची चूक वेगाला विचारत नाही. पेट्रोलचे २२ किलो उभ्या विमानातही २२ किलो आणि उडत्या विमानातही २२ किलोच. पण त्यांना तोलून धरणारा एलेरॉन मात्र हवेवर जगतो. वेग कमी झाला की हवेचा जोर घटतो, मग तेवढंच वजन तोलायला एलेरॉन जास्त वळवावा लागतो. वेग निम्मा झाला तर चौपट.

म्हणून चाचणी अशी असते. एकदा जोरात उडून बघा आणि एकदा सावकाश. जोरात उडताना स्टिकवरचा जोर वाढत असेल, पण स्टिक साधारण तेवढीच वळवावी लागत असेल, तर चूक आकारात आहे. सावकाश उडताना स्टिक जास्त जास्त वळवावी लागत असेल, तर चूक वजनात आहे. मला हे पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता ते दुसरं कारण.

गेल्या वर्षी आपल्या हॉस्टेलच्या अकरा जणांनी प्रत्येकी १,५०० रुपये काढून रिमोट कंट्रोलचं विमान बांधलं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. मेसच्या काकांनी तर शेवटच्या आठवड्यात आम्हाला रात्री अकराला पोळ्या ठेवल्या होत्या. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.४ मीटर, वजन १.३ किलो. उडवायला मी, कारण माझा हात त्यातल्या त्यात स्थिर. सर्व्हो आणि त्यांच्या तारांचं काम उदगीरवाल्याचं. (आपल्याकडे कुणाला नावाने हाक मारतात? गावाच्या नावानेच.)

स्पर्धेच्या नऊ दिवस आधी डावा पंख दाराच्या चौकटीला धडकून फाटला. आम्ही तो ॲराल्डाइट आणि फायबरची पट्टी लावून जोडला. मजबूत झाला, इतका की त्यावर बसता आलं असतं. दुसऱ्या दिवशी उडवलं तर विमान डावीकडे झुकतंय. रिमोटवर ट्रिमचं छोटं बटण असतं, दाबलं की टक् वाजतं आणि एलेरॉन किंचित सरकतो. आधी त्या विमानाला चार टक् लागायचे. त्या दिवशी अकरा लागले. मी टक् टक् केलं, विमान सरळ झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकरा टक् झाले हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंख परत उघडावा लागला असता. वेळ नव्हता, झोप नव्हती आणि मला उडवायची घाई होती.

स्पर्धेत उड्डाण मस्त झालं. उतरताना वेग कमी केला आणि डावा पंख खाली जाऊ लागला. उडताना वेग सेकंदाला १५ मीटर होता, तो उतरताना ८ वर आलेला. म्हणजे तेच जादा वजन तोलायला एलेरॉन साडेतीनपट वळायला हवा होता. माझे अकरा टक् जोरात उडतानाचे होते. मी घाबरून स्टिक पूर्ण उजवीकडे मारली. त्यामुळे डावा एलेरॉन आणखी खाली आला. पंख आधीच हवेशी जास्तीत जास्त कोनात होता, त्यात टोकाशी एलेरॉन खाली, म्हणजे टोकाचा कोन आणखी वाढला आणि तिथली हवा सुटली. उचल संपली. डावा पंख वर येण्याऐवजी दगडासारखा खाली गेला, टोक जमिनीला लागलं आणि विमानाने कोलांटी मारली. अकरा जणांचे १६,५०० रुपये दोन सेकंदांत काडीकाडी.

सगळे म्हणाले, एलेरॉनची तार सुटली असणार. अवशेषांत एक तार खरंच सुटलेली होती, पण ती आपटल्यावर सुटलेली. तारा उदगीरवाल्याच्या. तो काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी त्याने टीम सोडली, सबमिशनचं कारण सांगून. मी तेव्हाही गप्प होतो. नंतर एकट्याने केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर दोन्ही पंखांचे तुकडे मोजले. डाव्यात ६५ ग्रॅम जास्त होते, जोडाजवळ, मध्यापासून साधारण ५० सेंटिमीटरवर. तार सुटली नव्हती मित्रांनो. चूक वजनाची होती आणि ती मी ट्रिमखाली झाकली होती.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे आजोबांना सांगितलं. आजोबांचं गंजगोलाईजवळ किराणा दुकान होतं. लातूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो, गंजगोलाई म्हणजे गोल बाजारपेठ, सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. दुकान आता काकांकडे आहे आणि काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पण जुना दांडीचा तराजू माळ्यावर पडून होता. मी पंख, मोमेंट वगैरे बोलत राहिलो. आजोबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तू पासंग का नाही बांधलास?"

पासंग हा शब्द मला फक्त 'पासंगालाही पुरणार नाही' या वाक्प्रचारातून माहीत होता, तोही मार्कांसाठी. आजोबांनी तराजू खाली काढायला लावला. रिकामी पारडी उचलली, एक पारडं किंचित खाली. मग हलक्या पारड्याच्या दोरीला त्यांनी चिंचोका बांधला. दांडी सरळ झाली. "ह्याला पासंग म्हणायचं लेकरा. माल घालायच्या आधी बांधायचा, गिऱ्हाइकासमोर बांधायचा. बोटानं पारडं दाबून धरलं तर त्याला मापात मारणं म्हणतात." मी विचारलं, दांडीच वाकडी असेल तर? "तर लोहाराकडं न्यायची. वाकड्या दांडीला पासंग बांधून किलोला जमंल, पाच किलोला जमनार न्हाई."

माझी अख्खी वरची थिअरी त्यांनी चिंचोक्यात बसवली. वजनाची चूक वजनाने काढायची. आकाराची चूक आकाराने. आणि उडताना जे बदलत राहतं, पेट्रोल आणि माणसं, फक्त त्यासाठी ट्रिम ठेवायची.

आता खऱ्या विमानात ट्रिम बसवायची कशी, त्याकडे येऊ.

एक फरक आधी लक्षात घ्या. आमच्या रिमोटच्या विमानात एलेरॉन सर्व्हो धरून ठेवतो, त्यामुळे ट्रिम म्हणजे एलेरॉनची जागा बदलणं. खऱ्या छोट्या विमानात एलेरॉन वैमानिकाचा हात धरून ठेवतो, मध्ये फक्त दांडे आणि बिजागऱ्या असतात. त्यामुळे तिथे ट्रिमने हाताच्या जोराची जागा घ्यायची असते.

सगळ्यात सोपी म्हणजे एलेरॉनच्या मागच्या कडेला लावलेली ॲल्युमिनियमची पट्टी. जमिनीवर हाताने वाकवायची, उडून बघायचं, परत वाकवायची. इथे बहुतेक जण उलटं करतात. डावा पंख उचलायचा असेल तर डावा एलेरॉन खाली यायला हवा, आणि तो खाली यावा म्हणून त्याच्यावरची पट्टी वर वाकवायची. पट्टीवर हवा आपटते, ती एलेरॉनला खाली ढकलते. पट्टी वर, एलेरॉन खाली, पंख वर. पाठच करा. ही पट्टी उडताना बदलता येत नाही, म्हणून ती फक्त आकाराच्या कायमच्या किरकोळ चुकीसाठी.

दुसरा प्रकार एलेरॉनमध्येच छोटी हलणारी टॅब आणि तिला विजेची सर्व्हो मोटर. स्टिकवर बटण. दिसायला झकास, पण मला थोडी भीती वाटते. टॅब आणि मोटरचं वजन बिजागरीच्या मागे येतं, त्यामुळे एलेरॉनचा तोल परत करावा लागतो. टॅब जराही खिळखिळी असली तर वेगात ती थरथरू लागते आणि ती थरथर वाढत जाऊन एलेरॉन तुटू शकतो. शिवाय बटण अडकलं तर मोटर चालतच राहते आणि ट्रिम एका टोकाला जाते. म्हणून मोटरचा वीजपुरवठा तोडणारा स्विच वैमानिकाच्या हाताशी हवाच, आणि टॅब पूर्ण टोकाला गेली तरी हाताने विमान सांभाळता येतं ना, हे आधी तपासायला हवं.

तिसरा प्रकार माझा आवडता, स्प्रिंगचा. व्हॅन्सच्या बऱ्याच विमानांत हाच आहे. स्टिकच्या खालच्या भागाला डावीकडून एक आणि उजवीकडून एक स्प्रिंग लावायची. दोन्ही स्प्रिंगांची दुसरी टोकं एका छोट्या लिव्हरला. लिव्हर उजवीकडे सरकवली की उजवी स्प्रिंग ताणली जाते, डावी सैल होते आणि स्टिक हलकेच उजवीकडे ओढली जाते. एलेरॉनला हात लावायची गरज नाही, त्यामुळे थरथरीचा प्रश्न नाही. स्प्रिंग तुटली तर फक्त ट्रिम जाते, विमान तुमच्या हातात राहतं.

स्प्रिंग किती ताकदीची घ्यायची? हिशोब आपल्या मशीन डिझाइनच्या पहिल्या युनिटएवढाच आहे. मुठीशी एक किलो, म्हणजे सुमारे १० न्यूटन जोर हवा. मूठ बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर आणि स्प्रिंग १० सेंटिमीटरवर असेल, तर स्प्रिंगांनी मिळून ५० न्यूटनचा फरक द्यायला हवा. १ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या दोन स्प्रिंगा घेतल्या आणि लिव्हर २५ मिलिमीटर सरकवली, तर एक २५ ने वाढते आणि दुसरी २५ ने घटते. फरक बरोबर ५०. झालं? नाही. याच स्प्रिंगा वैमानिकाने स्टिक हलवली की त्यालाही विरोध करतात. स्टिकवरची ती जागा ३० मिलिमीटर हलली तर ६० न्यूटन, म्हणजे मुठीशी १२ न्यूटन जादा. एक किलो वाचवायला गेलात आणि सव्वा किलो गळ्यात पडला. म्हणून निम्म्या ताकदीच्या, मऊ आणि लांब स्प्रिंगा घ्यायच्या आणि लिव्हर ५० मिलिमीटर सरकू द्यायची. ट्रिम तेवढीच मिळते, विरोध निम्मा होतो.

बसवताना स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायची, लिव्हर तिन्ही ठिकाणी ठेवून: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. कुठल्याही स्थितीत स्प्रिंग लोंबकळू नये. लोंबकळणारी स्प्रिंग दांड्यात अडकते, आणि अडकलेली स्टिक म्हणजे काय ते सांगायला नको. तिची वेटोळी चिकटून ती पूर्ण दबताही कामा नये किंवा इतकी ताणलीही जाऊ नये की परत मूळ लांबीला येणार नाही. लिव्हर जिथे ठेवली तिथे राहायला हवी, म्हणून तिच्या पिव्होटला घर्षणाचा वॉशर. इंजिनच्या थरथरीने ती हळूहळू सरकली तर वैमानिकाला कळत नाही आणि तो स्वतःच्या हातावर संशय घेतो.

हे सगळं झाल्यावर जुळवाजुळव, आणि तिचा क्रम चुकवायचा नाही. आधी जमिनीवर दोन्ही एलेरॉन सरळ रेषेत आहेत का ते बघायचं. नसतील तर ट्रिमला हात न लावता दांड्याच्या टोकाचं आट्यांचं बेअरिंग फिरवून लांबी जुळवायची आणि लॉक नट परत घट्ट करायचा. पंख काढून परत लावले की हे दर वेळी नव्याने करायचं. गच्चीवर बांधलेलं विमान सुटं केल्याशिवाय जिन्याने थोडंच उतरतं. मग दिशा तपासायची. स्टिक धरून अंगठा वर ठेवा. स्टिक ज्या बाजूला झुकेल, अंगठा त्या बाजूला झुकेल, आणि त्याच बाजूचा एलेरॉन वर गेलेला दिसला पाहिजे. हसू नका. दुरुस्तीनंतर तारा उलट्या जोडून उडालेली विमानं जगात झालेली आहेत आणि त्यात माणसं गेली आहेत.

मग सकाळी, वारा पडलेला असताना, भरपूर उंचीवर. दोन्ही टाक्यांत सारखं पेट्रोल. सगळ्यात आधी पॅनेलवरच्या काचेच्या नळीतली गोळी मध्यात आणायची. ती मध्यात नसेल तर विमान तिरकं सरकतंय, आणि तिरकं सरकणारं विमान कलतंही. ते रडरचं काम आहे, एलेरॉनचं नाही. गोळी मध्यात आली की हात सोडायचा आणि बघायचं, दहा अंश कलायला किती सेकंद लागतात. लिहून ठेवायचं. परत सावकाश उडून तेच. परत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर विमान सुधारलं तरी का सुधारलं ते कळत नाही. आकाराची चूक निघाली तर पंखाचा कोन, फ्लॅप, एलेरॉनची कड. फुगलेली कड लाकडाच्या दोन पट्ट्यांत धरून पकडीने दाबतात, अगदी थोडी थोडी, कारण जास्त दाबलेला पत्रा परत फुगवता येत नाही. हे सगळं संपल्यावर लिव्हर मध्यावर असताना विमान सरळ उडायला हवं. तसं उडालं तर लिव्हरचा दोन्ही बाजूंचा पल्ला पेट्रोल आणि प्रवाशांसाठी शिल्लक राहतो. उडायला सुरुवात करतानाच लिव्हर टोकाला गेलेली असेल, तर ते माझे अकरा टक् समजा.

हा लेख देण्याआधी मी उदगीरवाल्याच्या रूमवर गेलो आणि त्याला वाचायला दिला. तो सबमिशन करत होता, खरंच. त्याने सगळा वाचला. "अकरा का?" एवढंच विचारलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "लिही. पण माझं नाव टाकू नको." म्हणून टाकलेलं नाही.

नवीन विमान आम्ही या सेमिस्टरला बांधलं. जुना जोडलेला डावा पंखच वापरला, पैसे नव्हते. नाकाला एक बोट, शेपटीला एक बोट लावून विमान उचललं की डावा पंख खाली जात होता. उजव्या पंखाच्या टोकाजवळ, मध्यापासून ६० सेंटिमीटरवर, दहा रुपयांची सात नाणी टेपने चिकटवली. नाणं पावणेआठ ग्रॅमचं, सातांचे ५४ ग्रॅम. ५४ गुणिले ६० आणि ६५ गुणिले ५०, करून बघा. विमान बोटांवर सरळ राहिलं. मैदानावर उडवलं तर ट्रिम चार टक्, आणि उतरतानाही चारच.

परवा सकाळी उचलून बघितलं तर डावा पंख परत खाली. टेप उचकटून मोजली तर पाच नाणी. कँटीनच्या चहासाठी कुणीतरी दोन काढून नेली होती. ज्याने नेली त्याने आणून चिकटवावीत, ६० सेंटिमीटरची खूण पेनाने केलेली आहे.